घरबसल्या संगीत महोत्सव : वीज, नेट, आवाज आणि वेळापत्रकाची पूर्ण तयारी

टीव्हीवरची मालिका अर्ध्या तासात संपते. मोठा संगीत महोत्सव सलग आठ-नऊ तास चालतो, तोही लागोपाठ तीन-तीन दिवस. एवढ्या वेळात घरातली प्रत्येक कच्ची गोष्ट उघडी पडते. बॅटरी बसते, नेट अडखळतं, टीव्ही आपोआप बंद होतो, आणि नेमका हव्या त्या कलाकाराचा कार्यक्रम आपल्याकडे दुसऱ्याच वारी असल्याचं उशिरा लक्षात येतं. चाळीसगाव असो, शिरपूर असो की अक्कलकुवा, तयारीचा क्रम एकच ठेवा : कार्यक्रम कुठे आणि कधी दिसणार ते आधी, मग वीज, मग नेट, मग आवाज. चित्राचा नंबर सगळ्यात शेवटी. चित्र थोडं धूसर झालं तरी माणूस ऐकत बसतो, पण आवाज दोन-तीनदा तुटला की घरातली मंडळी उठून कामाला लागतात.

आधी खात्री : हा महोत्सव दिसतो का, आणि कुठे?

कुठलाही महोत्सव टीव्हीवर थेट दिसेलच असं धरून चालू नका. प्रक्षेपणाचे हक्क कलाकारागणिक ठरतात, त्यामुळे एकाच व्यासपीठावरचा एक कार्यक्रम दिसतो आणि दुसरा वगळला जातो. निदान आठवडाभर आधी आयोजकांच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन पाहा.

दूरदर्शनवर हमखास सापडणारा सोहळा म्हणजे तिरुवैयारूची त्यागराज आराधना. तंजावरजवळ कावेरीच्या काठी, पौष कृष्ण पंचमीला, कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार संत त्यागराज (१७६७–१८४७) यांच्या समाधीजवळ शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पाच रचना, म्हणजे पंचरत्न कृती, गातात. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री हे या रचनांचे पाच राग, याच क्रमाने. सकाळी नऊच्या सुमाराला सुरुवात होते आणि तासाभरात हा भाग संपतो. लांब महोत्सवाआधी घरची सगळी जोडणी तपासायला हा तास फार उत्तम आहे. तारीख तिथीवर असल्यामुळे दरवर्षी बदलते, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखेवर न जाता दिनदर्शिका उघडा.

डिसेंबरात ग्वाल्हेरला तानसेन समारोह असतो. मध्य प्रदेश शासनाचा हा सोहळा असल्याने तो यूट्यूबवर शोधावा. परदेशी महोत्सवांत सगळ्यात सोपा कोचेला. कॅलिफोर्नियातल्या इंडिओ गावी एप्रिलमध्ये लागोपाठ दोन आठवडे, शुक्रवार ते रविवार, तो भरतो. यूट्यूबवर तो फुकट दिसतो आणि एकाच वेळी अनेक रंगमंचांची वेगवेगळी प्रक्षेपणं चालू असतात. २०२३ साली दिलजीत दोसांझ तिथे पंजाबीत गायला, तेव्हापासून आपल्याकडेही तो पाहणारे वाढले. बेल्जियमच्या बूम गावचा टुमॉरोलँड जुलैत असतो. इंग्लंडच्या ग्लास्टनबरीचं मुख्य प्रक्षेपण बीबीसीच्या आयप्लेअरवर असतं आणि ते ब्रिटनबाहेर उघडत नाही, तेव्हा त्यामागे रात्र घालवू नका.

एक सावधगिरी. महोत्सवाच्या दिवशी यूट्यूबवर आणि फेसबुकवर ‘लाइव्ह’ असं लिहिलेल्या खोट्या वाहिन्यांचं पेव फुटतं. जुनं चित्रीकरण फिरवून दाखवतात आणि खाली एक दुवा देतात. कार्डाचा नंबर किंवा ओटीपी मागणारं पान तिथल्या तिथे बंद करा. अधिकृत प्रक्षेपणाचा दुवा नेहमी महोत्सवाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उघडावा.

वेळापत्रक भारतीय वेळेत उतरवा

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियापेक्षा आपण साडेबारा तास पुढे असतो. हिशेब सोपा आहे : त्यांच्या वेळेत अर्धा तास मिळवा आणि दुपारचं पहाट, रात्रीचं सकाळ करा. त्यांचे शुक्रवारी दुपारचे ४ म्हणजे आपले शनिवारी पहाटेचे साडेचार. त्यांचे शुक्रवारी रात्रीचे ११ म्हणजे आपले शनिवारी सकाळचे साडेअकरा. म्हणजेच शुक्रवारचा मुख्य कलाकार आपल्याला शनिवारी सकाळी उशिरा किंवा भर दुपारी दिसणार, आणि रविवारचा सोमवारी. सुट्टी टाकायची असेल तर सोमवारची टाका.

बेल्जियमसाठी जुलैत साडेतीन तास मिळवायचे. तिथे दुपारी १२ ला सुरू झालं की आपल्याकडे साडेतीन वाजलेले असतात, आणि तिथल्या मध्यरात्री आपले पहाटेचे साडेतीन.

पाठकोऱ्या कागदावर तीन रकाने आखा : कलाकार, रंगमंच, आपली वेळ. वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने लिहा आणि शेजारी आपला वार लिहा. ‘४:३०’ एवढंच लिहिलं की घरातला कुणीतरी संध्याकाळी टीव्हीपुढे येऊन बसतो. कागद टीव्हीशेजारी भिंतीला चिकटवा. दोन कार्यक्रम एकाच वेळी असतील तर कुठला थेट पाहायचा हे आधीच ठरवून त्यावर खूण करा. काही थेट प्रक्षेपणं मागे नेऊन पाहता येतात, काहींना ती सोय बंद केलेली असते. म्हणून ‘नंतर पाहू’ या भरवशावर आवडता कलाकार सोडू नका.

डिश असेल तर

दूरदर्शनच्या वाहिन्यांसाठी डीडी फ्री डिश पुरते, महिन्याचं भाडं नाही. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. जळगावच्या गच्चीवरून तो साधारण आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर १३८ अंशांच्या आसपास, आणि क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर येतो. धुळे-नंदुरबारला यात एखाद-दोन अंशांचा फरक. घरगुती छत्रीचा कान (दांडीच्या टोकाचा, सिग्नल पकडणारा एलएनबी) मध्यापासून खाली सरकवलेला असतो, म्हणून छत्री प्रत्यक्षात दिसते त्यापेक्षा बरंच वर पाहत असते. नजरेने ती ५८ अंश वर उचलायला गेलात तर सिग्नल जाईल. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत सिग्नलची ‘क्वालिटी’ पट्टी उघडा, एकाला टीव्हीसमोर उभं करा आणि दुसऱ्याने गच्चीवर छत्री बोटभर-बोटभर हलवून प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबावं. ‘स्ट्रेंथ’ची पट्टी भरलेली दिसली म्हणून समाधान मानू नका, ती चुकीच्या उपग्रहावरही भरते.

गेल्या वर्षी चालणारी छत्री यंदा चालत नसेल तर आधी समोरचा कडुनिंब किंवा शेजाऱ्याचा नवा मजला पाहा. त्यानंतर कानाला जोडलेली वायर पाहा. तिच्या टोकाशी पाणी शिरून तांबं हिरवं पडलेलं असतं. तेवढा वीतभर तुकडा कापून नवी पिन लावली की बऱ्याचदा काम होतं.

वीज : नुसता इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका

हिशेब करा. ४३ इंची एलईडी टीव्ही ८० ते १०० वॅट खातो. साउंडबार किंवा छोटे स्पीकर ३० वॅट, राउटर १५ वॅट, साधा छताचा पंखा ७५ वॅट. एकूण साधारण २१० वॅट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात, पण बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडी वीज खातो. हाती येतात १,२०० च्या आसपास. म्हणजे नव्या बॅटरीवर साडेपाच तास. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर यातले निम्मे धरा. पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) असेल तर तो ३० वॅटवर भागतो आणि दीड तास वाढून मिळतो. कूलर मात्र इन्व्हर्टरवर घेऊ नका, तो एकटाच दीडशे-दोनशे वॅट खातो.

महोत्सवाच्या आठवडाभर आधी बॅटरीच्या पाण्याची पातळी पाहा आणि कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी अजिबात नको. मग एका संध्याकाळी मेन स्विच बंद करून हाच सगळा लोड लावा आणि किती वेळ चालतो ते घड्याळावर पाहा. हा आकडा खरा. महावितरणकडे तुमचा मोबाइल नंबर नोंदवलेला असेल तर ठरवून बंद ठेवल्या जाणाऱ्या विजेची सूचना संदेशाने येते. नंबर नोंदवलेला नसेल तर आताच नोंदवा.

आता एक अशी गोष्ट जी फार घरांत चुकते : टीव्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर असतो आणि राउटर साध्या सॉकेटवर. लाइट गेली की टीव्ही चालू राहतो, नेट जातं, आणि लोक कंपनीला फोन लावत बसतात. राउटर आणि फायबरचा छोटा डबा हे दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. लाइनच नसेल तर राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहा, ९ व्होल्टचा राउटर १२ वर लावला तर जळेल. एवढं करूनही लाइट जाताच नेट बंद पडत असेल तर दोष घराबाहेर आहे. गल्लीतल्या खांबावर किंवा ऑपरेटरच्या खोलीत असलेल्या यंत्राला बॅकअप नाही. त्यावर घरात उपाय नाही, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा.

नेट आणि डेटा

यूट्यूबला १०८०पी चित्रासाठी सलग ५ एमबीपीएस वेग लागतो, ७२०पीला अडीच, ४८०पीला एकाच्या थोडा वर. फायबर असेल तर वेगाची चिंता नाही, चिंता आहे ती राउटर ते टीव्ही या अंतराची. जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या भिंती दीड-दोन हात जाड असतात आणि त्यातून ५ गिगाहर्ट्‍झचं वायफाय पार होत नाही. टीव्ही आणि राउटर वेगळ्या खोल्यांत असतील तर टीव्ही २.४ गिगाहर्ट्‍झच्या नावाला जोडा. त्याहून चांगलं म्हणजे सरळ लॅन केबल. दहा-पंधरा मीटरची तयार केबल शहरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळते आणि तिने वायफायची सगळी कटकट मिटते.

सातपुड्याच्या डोंगरातल्या गावांत, धडगाव-तोरणमाळच्या बाजूला, बहुतेकांची मदार मोबाइलवरच. ७२०पीला तासाला सव्वा-दीड जीबी जातो. रोजचे दीड-दोन जीबी मिळणारा प्लॅन तासा-दीड तासात संपतो आणि मग वेग इतका पडतो की आवाजही धड येत नाही. यावर तीन उपाय. टीव्हीवर गुणवत्ता ‘ऑटो’ न ठेवता हाताने ४८०पी करा, तासाला साधारण अर्धा जीबी लागेल आणि आवाजात फारसा फरक पडणार नाही. डेटाचं जादा व्हाउचर आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. आणि घरातल्या दोन फोनांची पाळी लावा. फोन खिडकीच्या कडेला, जिथे रेंजच्या काड्या जास्त तिथे ठेवा, पण उन्हात नको. तापलेला फोन स्वतःच वेग कमी करतो.

फोनवरून टीव्हीवर दाखवताना ‘कास्ट’ करा, ‘स्क्रीन मिररिंग’ नको. कास्ट केल्यावर टीव्ही स्वतः नेटवरून कार्यक्रम ओढतो आणि फोन मोकळा राहतो. मिररिंगमध्ये सगळा भार फोनवर येतो, चित्र अडखळतं आणि कुणाचा फोन आला की तोही टीव्हीवर झळकतो. टीव्ही स्मार्ट नसेल तर लॅपटॉपमधून एचडीएमआय केबल लावा आणि लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सेटिंग करा.

आवाज

आजच्या पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. बोलणं समजतं, पण तानपुरा जवळजवळ नाहीसा होतो आणि तबल्याचा बायां नुसता ‘ठप’ वाजतो. शास्त्रीय गाण्यात सुरांची चौकट तानपुरा धरून असतो, तोच गेला तर गवई कोरड्या खोलीत गात असल्यासारखा वाटतो. म्हणून खर्च करायचाच असेल तर मोठ्या टीव्हीऐवजी स्पीकरवर करा. घरात जुना होम थिएटर किंवा टेपरेकॉर्डरचे मोठे स्पीकर पडून असतील तर तेही टीव्हीच्या हेडफोनच्या छिद्रातून, मध्ये ॲम्प्लिफायर ठेवून, जोडता येतात.

जोडणी तारेनेच करा. साउंडबार असेल तर टीव्हीच्या ज्या एचडीएमआय छिद्राशेजारी ‘एआरसी’ लिहिलं आहे त्यातच केबल घाला, बाकीच्या छिद्रांतून आवाज बाहेर येत नाही. मग सेटिंगमध्ये ‘सीईसी’ (टीव्ही आणि साउंडबारला एकमेकांशी बोलू देणारी सोय) चालू करा आणि आवाजाचा प्रकार ‘पीसीएम’ ठेवा. ब्लूटूथवर आवाज पाव सेकंदापर्यंत मागे पडू शकतो. तबलजीचा हात पडतो आणि थाप नंतर येते, हे दोन मिनिटं पाहिलं तरी जीव वैतागतो. ब्लूटूथच वापरावं लागत असेल तर टीव्हीच्या ‘एव्ही सिंक’ मध्ये जाऊन टाळ्यांच्या दृश्यावर आकडा जुळवा.

टीव्हीच्या आवाजाच्या मेनूतल्या तीन गोष्टी बंद करा : ‘ऑटो व्हॉल्यूम’, ‘क्लिअर व्हॉइस’ आणि ‘व्हर्च्युअल सराउंड’. पहिली सगळ्यात घातक. आलापात गवयाने आवाज बारीक केला की ती तो मुद्दाम मोठा करते आणि तान आली की दाबते. गाण्यातला सगळा चढउतार सपाट होतो.

स्पीकर वेगळे असतील तर दोघांत दोन मीटर अंतर ठेवा आणि ऐकणाऱ्याची मुख्य जागाही दोघांपासून तेवढ्याच अंतरावर. स्पीकर कानाच्या उंचीला हवेत. भारतीय बैठक असेल तर ते खाली, पाटावर किंवा पेटीवर येतील. भिंतीपासून वीतभर पुढे आणि कोपऱ्यापासून लांब ठेवा, कोपऱ्यात खर्ज गुंगतो. फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. स्पीकर आणि श्रोते यांच्यामध्ये सतरंजी अंथरा, मागच्या भिंतीवर दोरीला गोधडी टांगा. फरक लगेच कळतो.

तारा लावताना लाल-काळी बाजू दोन्ही स्पीकरना सारखी आहे ना पाहा. एका बाजूला उलटी लागली की खर्ज नाहीसा होतो आणि गाणाऱ्याचा आवाज समोरून न येता खोलीत कुठूनही आल्यासारखा वाटतो. तपासायची रीत अशी : एखाद्या ध्वनिमुद्रणातला नुसता तानपुरा लावा आणि मधोमध बसा. आधी पंचमाची, मग जोडीची आणि शेवटी खर्जाची तार वेगळी ऐकू यायला हवी, आणि खर्जाची तार सुटल्यावर तिची घुमार विरेपर्यंत कानाला लागली पाहिजे. ती नुसतीच ‘घूं’ वाजत असेल तर सबवूफर कमी करा. ती ऐकूच येत नसेल तर स्पीकर भिंतीच्या थोडे जवळ न्या.

एप्रिलच्या उन्हातलं प्रक्षेपण

कोचेला आपल्याकडे भर दुपारी संपतो आणि एप्रिलअखेर भुसावळ-जळगावला पारा ४३-४४ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत टीव्हीचीच तब्येत बिघडते, कारण बहुतेक टीव्ही ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. टीव्हीच्या मागे चार बोटं जागा मोकळी ठेवा, त्यावर कापड टाकू नका, आणि शक्य असेल तर त्या तीन दिवसांपुरता टीव्ही तळमजल्यावर किंवा उत्तरेकडच्या खोलीत हलवा. राउटर माळ्यावर असेल तर खाली घ्या.

कूलरचा आवाज हा मोठा शत्रू. तो खोलीत ठेवला की आलाप गेलाच. खिडकीबाहेर स्टँडवर बसवा, दोन नंबरवर चालवा आणि समोरचं दार उघडं ठेवा, म्हणजे कमी वेगातही हवा फिरते. कूलरचा झोत टीव्हीवर नको, ओलसर हवा आत शिरून बिघाड होतो. पहाटे साडेचार ते आठ ही वेळ कूलरशिवाय निभते, शांततेत ऐकायचे कलाकार त्या वेळी असतील तर सोन्याहून पिवळं.

आदल्या रात्रीची तपासणी

१. टीव्ही आणि यूट्यूब ॲप अपडेट करून घ्या, म्हणजे ऐन वेळी अपडेट सुरू होणार नाही.
२. टीव्हीच्या मेनूत ‘ऑटो पॉवर ऑफ’ आणि ‘स्लीप टाइमर’ बंद करा. बरेच टीव्ही चार तास रिमोट न हलल्यास स्वतःच बंद होतात.
३. चित्राचा प्रकार ‘व्हिविड’ वरून ‘मूव्ही’ वर आणा, नाहीतर रंगमंचावरच्या दिव्यांत चेहरे जळालेले दिसतात. चित्र गुळगुळीत करणारी ‘मोशन’ची सोय बंद ठेवा.
४. प्रत्यक्ष ज्या वेळी पाहायचं आहे त्याच वेळी, त्याच नेटवर कुठलंही थेट प्रक्षेपण अर्धा तास चालवून पाहा. संध्याकाळी सात ते अकरा नेटवर गर्दी असते, सकाळची चाचणी तेव्हा उपयोगी नाही.
५. रिमोटचे सेल बदला.

चालू असताना काही बिघडलं तर

गोल चक्र फिरत राहिलं तर आधी गुणवत्ता एक पायरी खाली आणा. तरी थांबत असेल तर ॲप बंद करून पुन्हा उघडा, आणि मग राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. याच क्रमाने, कारण राउटर पुन्हा जोडायला तीन-चार मिनिटं खातो. फोनवर तेच प्रक्षेपण नीट चालत असेल तर नेट ठीक आहे, दोष टीव्हीत आहे. तो पाच मिनिटं प्लगपासून काढून ठेवा. फोनवरही अडत असेल आणि दुसऱ्या वाहिन्या चालत असतील तर गडबड प्रक्षेपणाच्या मुळाशी आहे, हात लावू नका, ते दुरुस्त होईल. चित्र आहे आणि आवाज नाही, असं झालं तर बहुतेक वेळा टीव्हीने आवाज स्वतःच्या स्पीकरवर परत वळवलेला असतो. ‘साउंड आउटपुट’ मध्ये जाऊन एआरसी पुन्हा निवडा.

थेट प्रक्षेपण प्रत्यक्षापेक्षा वीस सेकंद ते मिनिटभर मागे असतं. शेजारच्या घरातला टीव्ही आणि तुमचा पुढे-मागे चालला तर तो दोष नाही.

मंडळी जमणार असतील

डिसेंबर-जानेवारीत महोत्सव असेल तर भरिताचा बेत ओघाने आलाच. वांगी पऱ्हाट्यांवर भाजून, ठेचून दुपारीच तयार ठेवा आणि कांद्याची पात घालून फोडणी मध्यंतरात द्या. कळण्याच्या भाकरी झाकून ठेवल्या तर तासभर मऊ राहतात. उन्हाळ्यात मठ्ठा आणि कैरीचं पन्हं. शेवभाजीचा मसाला आदल्या दिवशी वाटून ठेवा, कारण मिक्सर सुरू झाला की गाणं ऐकू येत नाही.

ओट्यावर किंवा गल्लीत पडदा लावून दाखवायचं मनात असेल तर रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, हे ध्यानात ठेवा. निवासी भागासाठी नियमातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्रीचा कार्यक्रम खिडक्या लावून घरातच ऐका, एकटे असाल तर तारेच्या हेडफोनवर. तिकीट लावून किंवा हॉटेलात दाखवण्यासाठी हक्कधारकांची परवानगी लागते.

शेवटचा कार्यक्रम संपला की इन्व्हर्टर रात्रभर चार्जिंगला राहू द्या, रिकामी झालेली मोठी बॅटरी भरायला आठ-दहा तास लागतात. बंद केलेला ‘ऑटो पॉवर ऑफ’ पुन्हा चालू करा. हुकलेले कार्यक्रम त्याच अधिकृत वाहिनीवर लगेच शोधा, काही सुट्या स्वरूपात चढवले जातात आणि काही दोन-चार दिवसांत काढून टाकले जातात.